वडिलांचं पवित्र शास्त्र आणि तांडापेठेतली शिलाई

घाईत असणाऱ्यांसाठी व्यवहार आधी सांगते. काम होतं माझ्या वडिलांच्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, जुनी शिलाई उसवून ते नव्याने बांधून घेण्याचं. जागा नागपुरात तांडापेठेत, गोळीबार चौकाकडून आत. कबूल केले होते 8 दिवस, लागले 19. पैसे 950. पुस्तक आता टेबलावर उघडून ठेवलं की हात न लावता उघडं राहतं, आणि समासातली वडिलांची पेन्सिलची एक ओळसुद्धा कापली गेलेली नाही. माझ्यासाठी या एका गोष्टीवर सगळं काम पास आहे. तक्रारी आहेत, त्या पुढे लिहिते.

ओळखीचंही आधीच सांगितलेलं बरं. ह्यांचा शाळेच्या वह्यांचा छोटा कारखाना होता. जाड रजिस्टरांची हातशिलाई आम्ही पुस्तकं बांधणाऱ्या याच दादांकडे पाठवायचो. कारखाना बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्यांच्याकडे ओळखीपोटी गेले नाही. दुसरीकडे जे ऐकलं त्यानंतर गेले.

आधी पुस्तकाविषयी. बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. अजनीहून गाडी घेऊन बल्लारशा, आमला, कधी इटारसी. गार्डाच्या लाइन बॉक्समध्ये लाल-हिरवे झेंडे, दिवा, जेवणाचा डबा, आणि सगळ्यांत खाली टॉवेलात गुंडाळलेलं हे पवित्र शास्त्र. मालगाडी एखाद्या लहानशा स्टेशनावर सायडिंगला चार-चार तास उभी राहायची, तेव्हा बाबा ब्रेकव्हॅनमध्ये दिव्याच्या उजेडात वाचत बसायचे. पेन्सिल कानाला. 2 शमुवेलची काही पानं अजून रॉकेलच्या डागाने पारदर्शक आहेत. समासांत बारीक अक्षरात तारखा, गाडीचा नंबर, एखादा शब्द. ‘पाऊस.’ ‘आईला ताप.’ ‘इथेच पुन्हा.’ 2020 च्या डिसेंबरात बाबा गेले, आणि मी ते पुस्तक कपाटात ठेवून दिलं. गेल्या मार्चमध्ये बाहेर काढलं तर कणा पुठ्ठ्यापासून सुटलेला, स्तोत्रसंहितेपासून यिर्मयापर्यंतचे फर्मे, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेले पानांचे गठ्ठे, सुटे, आणि यशयाच्या 36 आणि 37 व्या अध्यायांचं पान अलगद माझ्या हातात आलं. तेच पान यावं, म्हणून मी जराशी थांबले. का ते पुढे येईल.

नवीन प्रत मिळते, माझ्याकडे मोठ्या अक्षरांची एक आहेही. पण तिच्या समासात बाबा नाहीत.

आधी बर्डीवरच्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने पुस्तक उलटंपालटं केलं आणि म्हणाला, पाठ मशीनवर कापून टाकू, गरम गोंद लावू, वरून रेक्झिन, अर्ध्या तासात घेऊन जा, 250 रुपये. आणि तिन्ही बाजू ‘साफ’ करून देऊ म्हणाला. साफ म्हणजे कटाई. बाबांची अर्धी अक्षरं त्या कटाईत गेली असती. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि बाहेर आले. तो मुलगा वाईट नव्हता. झेरॉक्सच्या प्रोजेक्टला ते काम चालतं. पण गोंदाने चिकटवलेलं पुस्तक दिसायला मजबूत असतं, ते बंद असेपर्यंत. रोज उघडायचं पुस्तक असेल तर वर्षभरात पानं हातात येतात. वह्यांच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या घरात हे कुणी शिकवायला लागत नाही.

तांडापेठेतल्या त्या गल्लीत पाटी नाही. दादांचं घर हलबा कोष्ट्यांचं. वडील खड्डामागावर नऊवारी विणायचे. माग गेला, खड्डा बुजवला, त्याच जागेवर आता फरशी आहे आणि फरशीवर शिकंजा, दाभणं, हातोडी, खळीचं पातेलं. दादांनी पुस्तक हातात घेतलं, कपाळाला लावलं, फर्मे मोजले, कणा वाकवून पाहिला, एक दोरा ओढला. तो भुकटी होऊन गळला.

‘ताई, कागद जित्ता आहे. दोरा मेला.’

कटाई करायची नाही हे मी सांगण्याआधीच त्यांनी समासातल्या पेन्सिलवर बोट ठेवलं. ‘हे बाबूजींचं आहे ना? मग कापाले नाही लागत. कडा खालीवर दिसतील, चालते का?’ चालतंच. कडा खालीवर दिसतात आणि मला तशाच आवडतात.

कामाची रीत मी दोन सकाळी बसून पाहिली, म्हणून ठामपणे लिहिते. जुनी शिलाई पूर्ण उसवतात. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर जिथे कागद झिजून फाटलाय तिथे पांढऱ्या पतंगी कागदाची पट्टी, मैद्याच्या खळीने. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मग जुजबंदी: फर्म्यामागून फर्मा, दाभणाने भोक, दोरा आतून बाहेर, बाहेरून पुढच्या फर्म्यात. दोऱ्याला मेण लावतात. कण्यावर मलमलीची पट्टी, तिच्यावर सरस. एप्रिलच्या उन्हात सरस आणि खळ भराभर वाळून कणा आखडतो म्हणून ते चिकटवायचं काम सकाळी दहाच्या आत उरकतात आणि दुपारी फक्त शिलाई करतात. नागपूरचा उन्हाळा अंगावर काढलेल्या माणसाला हे सुचणार.

यशयाचं सुटं पान त्यांनी बाजूला काढलं तेव्हा त्यावरचा पिवळा डाग पाहिला. ‘हा वरणाचा दिसते. पुसू?’

मी नको म्हटलं. त्या डागाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे परीक्षण अपुरं राहील.

2011 मध्ये वह्यांचा धंदा बसत चालला होता. मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत वह्यांपुढे आमच्या साध्या, दोन टाक्यांच्या वह्या शाळा घेईनात. तेव्हा ह्यांनी एक भागीदार आणला. त्याच्याकडे पैसा होता, ओळखी होत्या, बोलण्यात जोर होता. त्या दिवशी आम्ही घरी शिरा केला होता. देवाने माणूस पाठवला असं मी म्हणाले, आणि खरं तर देवाला कुणी विचारलंच नव्हतं. बँकेची कर्जमर्यादा वाढली, घर गहाण पडलं, ह्यांची वैयक्तिक जामीनकी झाली. 2016 मध्ये भागीदार खात्यातले पैसे काढून निघून गेला. 2017 च्या ऑगस्टमध्ये नोटीस आली, चार पानी, सरफेसी कायदा 2002 (थकलेल्या कर्जापायी बँकेने तारण ताब्यात घेण्याचा कायदा), कलम 13(2). 23 लाख 40 हजार. 60 दिवसांत भरा, नाही तर मेकोसाबागेतल्या घराचा ताबा.

साठपैकी चाळीस दिवस आम्ही पळत होतो. रायपूरच्या आतेभावाने दिवाळीपर्यंत थांबा, काहीतरी करतो म्हटलं. एका पुढाऱ्याच्या कार्यालयात मी आणि हे चार दुपारी बाकड्यावर बसलो. ‘साहेबांचा फोन जाईल’ एवढं एक वाक्य घेऊन परत यायचो आणि त्या वाक्यावर एक रात्र झोपायचो. तिसरा एक माणूस भेटला, बँकेच्या वरच्या ऑफिसात त्याचं वजन आहे म्हणाला. त्याला 80 हजार दिले. माझ्या दोन पाटल्या गहाण टाकून. तिसऱ्या आठवड्यापासून त्याचा फोन बंद.

बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. वय झालंय, कशाला त्रास. आणि आज स्पष्ट लिहिते, देवालाही सांगितलं नव्हतं. प्रार्थना रोज होत होती. जेवणाआधी होत होती, मुलांसाठी होत होती, मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, आजाऱ्यांसाठी होत होती. त्या कागदाचा उल्लेख तिच्यात एकदाही आला नाही. जिथे खरं दुखत होतं तिथे आम्ही देवाला बोट लावू देत नव्हतो, कारण तिथे आमची माणसं कामाला लागलेली होती.

एकेचाळिसाव्या दिवशी रात्री जेवताना बाबांनी ताट बाजूला सारलं आणि विचारलं, ‘तुझ्या पाटल्या कुठे आहेत?’

मग सगळं बाहेर आलं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी पुस्तक मागवलं. मला वाटलं स्तोत्र वाचतील. त्यांनी यशयाचा सातवा अध्याय उघडला आणि मला, शाळेत पंचवीस वर्षं इतिहास शिकवलेल्या मुलीला, इतिहास शिकवला.

यहूदाचा राजा आहाज. दोन शेजारी राजे त्याच्यावर चालून आलेत. तो वरच्या तळ्याच्या नळाजवळ, परटाच्या शेताच्या वाटेवर आहे. नगराला वेढा पडला तर पाणी कसं टिकेल हे पाहायला गेला असेल. तिथे संदेष्टा यशया त्याला गाठतो आणि सांगतो, शांत राहा, भिऊ नको. आहाज ऐकत नाही. तो अश्शूरच्या, त्या काळच्या बलाढ्य साम्राज्याच्या, राजाला निरोप धाडतो, मी तुझा दास, तुझा पुत्र, मला वाचव. आणि मंदिरातलं सोनं-रुपं काढून त्याला पाठवतो. अश्शूर येतोही, शेजाऱ्यांना चिरडतोही. आहाजाचं काम झालं.

पुढे आहाजाचा मुलगा हिज्कीया राजा असताना, इ.स.पू. 701 मध्ये, तोच अश्शूर यहूदावर चढून येतो. बापाने ज्याला वाचवायला बोलावलं तोच मुलाच्या दारात. त्याचा सरदार रब्शाके येऊन कुठे उभा राहतो? वरच्या तळ्याच्या नळाजवळ, परटाच्या शेताच्या वाटेवर. 36 व्या अध्यायाच्या समासात बाबांची पेन्सिल आहे: ‘7:3 पाहा. तीच जागा.’ खाली गाडीचा नंबर आणि एक तारीख, मी शाळेत असतानाची.

ह्यांनी ते वाचलं आणि खूप वेळ काही बोलले नाहीत. भागीदार आणला तो दिवस त्यांना आठवला असणार. मला शिरा आठवला.

रब्शाके तटाखालून ओरडतो ते फार टोकदार आहे. हिज्कीयाचे अधिकारी विनवतात, आमच्याशी अरामी भाषेत बोल, तटावरच्या लोकांना कळेल असं यहूद्यांच्या भाषेत नको. तो मुद्दाम लोकांच्या भाषेत बोलतो. म्हणतो, कोणावर भरवसा ठेवलाय तुम्ही, मिसरावर (इजिप्तवर)? तो ठेचलेला बोरू आहे, त्याच्यावर टेकाल तर तो तुमच्याच हातात घुसेल. मला वर्षानुवर्षं वाटायचं की हे वाक्य यशयाचं आहे. नाही, हे शत्रूचं आहे. यशयाने 30 आणि 31 व्या अध्यायांत तेच सांगितलं होतं, की वाळवंटातून गाढवांच्या पाठीवर आणि उंटांच्या मदारीवर धन लादून ज्यांच्याकडे निघालात त्यांच्याकडून काही मिळणार नाही, घोडे आणि रथ मोजत बसलात पण परमेश्वराला विचारलं नाही. लोकांनी त्याला गप्प बस म्हटलं. मग तेच सत्य त्यांना शत्रूच्या तोंडून, तटाखालून, ऐकावं लागलं. 80 हजारांची आमची गाढवं-उंटं कुठे गेली होती ते मला कळत होतं.

हिज्कीया भला राजा, तरी तोही आधी घसरला होता. 2 राजेच्या 18 व्या अध्यायात आहे: त्याने अश्शूरचा राजा सन्हेरीब याला तीनशे किक्कार (त्या काळचं एक मोठं वजन) रुपं आणि तीस किक्कार सोनं दिलं, मंदिराच्या दारांचा पत्रासुद्धा सोलून दिला. सन्हेरीबाने ते घेतलं आणि तरीही फौज पाठवली. बाबांनी हे वाचलं ते माझ्या रिकाम्या हातांकडे पाहून. त्यांच्या त्या पाहण्यात ‘पाहा तू काय केलंस’ नव्हतं. त्यात ‘तुझ्या आधीही कुणी केलंय, आणि ते तिथेच संपलं नाही’ असं होतं.

मग 37 वा अध्याय. धमकीचं पत्र येतं. हिज्कीया ते वाचतो, मंदिरात जातो आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवतो. बाबा म्हणाले, ‘पोरी, तो कागद आण.’ नोटीस आणली. त्यांनी उघड्या पानावर ती चार घड्या उलगडून पसरली. टेबलावर सांडलेलं वरण पुस्तकाच्या कडेला लागलं ते तेव्हा. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘प्रभू, वाच.’ एवढंच.

त्या रात्री देवदूत आला नाही. शास्त्रात अश्शूरच्या छावणीत एक लाख पंच्याऐंशी हजार मेले; आमची रक्कम दुसऱ्या सकाळीही 23 लाख 40 हजारच होती. मी शाळेत सांगायची तेही इथे सांगते: सन्हेरीबाची स्वतःची नोंद मातीच्या लोलकावर आजही लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. त्यात तो यहूदाची 46 तटबंदी नगरं घेतल्याचं आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याचं मिरवतो. यहूदातलं लाखीश नगर जिंकल्याची दगडी चित्रं त्याने निनवेच्या महालात लावली होती. पण यहूदाची राजधानी यरुशलेम घेतलं असं तो कुठेही म्हणत नाही. एवढ्या बढाईखोर राजाचं तेवढ्याच एका जागी गप्प राहणं मी मुलांना नेहमी दाखवायची. आणि हेही दाखवायची की 46 नगरं खरोखर गेली. यहूदा ओरबाडला गेला. वाचणं म्हणजे काहीच न गमावणं, असं त्या अध्यायातही नाही.

आमच्यात बदललं ते असं. दुसऱ्या दिवशी आम्ही कुणालाही फोन केला नाही. ह्यांनी स्वतःच्या हाताने बँकेला लिहिलं, कुणाचा संदर्भ न देता, काय झालं, काय शिल्लक आहे, किती देता येईल. नोटिशीला असं लेखी उत्तर देण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे आणि बँकेला त्यावर कारणासह उत्तर द्यावं लागतं, हे आम्हाला चाळीस दिवसांत एकाही मध्यस्थाने सांगितलं नव्हतं. कोराडी रोडचा प्लॉट विकला. वह्यांवर रेघा मारायचं रुलिंग मशीन भंगारात गेलं. 14 महिन्यांनी साडेसतरा लाखांवर तडजोड झाली. घर राहिलं, कारखाना गेला, पाटल्या गेल्या. भीती मात्र त्या एकेचाळिसाव्या रात्रीच गेली होती, आणि ती माझ्या धैर्याने गेली नाही. माझ्यात धैर्य नव्हतं. ते कुणी दिलं हे मला माहीत आहे.

मंडळीत मला विचारतात, मग माणसांची मदत घ्यायचीच नाही का? हिज्कीयाने डोंगराखालून पाण्याचा बोगदा खोदला, 533 मीटरच्या आसपास, दोन्ही टोकांकडून मजूर खणत आले आणि मध्ये भेटले. त्या भेटीचा कोरीव लेख 1880 मध्ये सापडला. बोगद्यात पाप नव्हतं. 22 व्या अध्यायात यशयाची तक्रार एवढीच आहे की तुम्ही तळं बांधलंत, तट दुरुस्त केलात, पण ज्याने हे सगळं योजलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत. मला त्याहून आसा राजाची गोष्ट जास्त बोचते. 2 इतिहास 16. त्याने मंदिराच्या भांडारातलं सोनं-रुपं देऊन अरामाच्या राजाला विकत घेतलं आणि त्याची युक्ती पूर्ण यशस्वी झाली. शत्रू मागे हटला. तरी द्रष्टा हनानी येऊन त्याला सांगतो, तू मूर्खपणा केलास. जमलेली युती बुडालेल्या युतीपेक्षा घातक, कारण ती देवाला न विचारण्याची सवय लावते. 2011 ते 2016 आमची युती जमलेली होती. त्या पाच वर्षांत मी या पुस्तकाला रविवारखेरीज हात लावल्याचं मला आठवत नाही.

असो, बांधणीकडे येते.

तक्रारी. एक, वेळ. आठ दिवस म्हणाले आणि एकोणीस लागले. त्यातले चार दिवस कण्यावरच्या सोनेरी अक्षरांचे. ते काम ते बाहेर देतात, आणि पहिल्यांदा ‘शास्त्र’चं ‘शास्र’ होऊन आलं. दादांनी मला दाखवायच्या आधीच ते परत पाठवलं होतं, पण फोन करून कळवलं नाही. फोन उचलतही नाहीत. हात खळीत असतात. दोन, उत्पत्तीची पहिली दोन पानं आणि प्रकटीकरणाचं शेवटचं पान फार झिजलेली असल्याने पट्टी जास्त रुंद लागली आणि आतल्या बाजूचे शब्द घडीत गेलेत. पुस्तक दाबून उघडावं लागतं तिथे. त्यांनी आधी कल्पना दिली असती तर मी ती पानं तशीच ठेवायला सांगितली असती. तीन, फक्त रोख घेतात. गल्लीत चारचाकी वळत नाही. कमाल चौकापर्यंत गाडी न्या आणि पुढे ई-रिक्षा करा.

पैशांचं थोडं सविस्तर. दादा आधी पैसे घेतच नव्हते. म्हणाले, कारखाना बंद झाला तेव्हा प्लॉटच्या पैशातून साहेबांनी आधी आमचे अकरा हजार दिले, मग बँकेकडे गेले. मला ते माहीत नव्हतं. ह्यांनी घरी कधी सांगितलं नाही. मी तिथे बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाईकाला विचारलं, त्याच्या ज्ञानेश्वरीला काय घेतलं. तो म्हणाला साडेनऊशे, तेवढ्याच जाडीची. मग मी तेवढेच त्यांच्या गादीखाली ठेवले. म्हणजे हा दर ओळखीचा नाही, सगळ्यांचा आहे.

कुणी जावं? ज्यांच्याकडे आजोबांची पोथी, गाथा, कुराण, पवित्र शास्त्र, जुनी जमाखर्चाची वही आहे आणि त्यातलं हाताचं लिखाण जपायचंय त्यांनी. थिसिस आणि प्रोजेक्टवाल्यांनी जाऊ नये, ते काम ते करत नाहीत. पुस्तक टेपने चिकटवून नेऊ नका. सेलोटेप काढताना अक्षरं निघतात, तसं माझ्यासमोर एका पोथीचं झालं. सुटी पानं एका लिफाफ्यात क्रमाने न्या. पावसाळ्यात काम देऊ नका, खळ वाळत नाही आणि कागद फुगतो. जायचं तर सकाळी नऊच्या आधी, तेव्हाच बोलायला मोकळे असतात.

काळं कापडी कव्हर, लाल फीत, खालीवर कडा. मी पुस्तक घरी आणलं त्या रात्री ह्यांनी ते स्वतः उघडलं, 37 वर. पतंगी कागदाच्या पट्टीतून वरणाचा डाग दिसतो आणि ‘तीच जागा’ पूर्ण वाचता येतं. मागच्या पुठ्ठ्याला आतून कापडी कप्पा करून द्याल का असं मी विचारलं होतं. तो त्यांनी लावून दिला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, आत काय ठेवणार तेही विचारलं नाही. ती चार घड्यांची नोटीस आता त्यात आहे.